मवाळ काडतूस

बंदूक लाथ मारते, हे आमच्या बेकर्स रन गावात कुणी कबूल करत नाही. पोटदुखी कबूल करतील, बायकोचं ऐकतो हे कबूल करतील, फार काय, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना डोळा लागला होता हेही कबूल करतील. पण नोव्हेंबरात, शिकारीच्या हंगामात, खांदा धरून चालणाऱ्या माणसाला विचारा, तर तो "काल लाकडं फोडली" एवढंच सांगेल. पेन्सिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या आमच्या डोंगरांत लोक जेवढी लाकडं फोडली म्हणून सांगतात तेवढी खरंच फुटली असती, तर हरणांना लपायला एक झाड उरलं नसतं.

वॉरन क्लिंगर हा याच गावचा गृहस्थ. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासणं हा त्याचा पेशा. दुसऱ्याच्या गॅरेजवर पडलेलं झाड वाऱ्याने पडलं की मालकाने पाडलं, हे तो बुंध्याकडे एकवार बघून सांगतो. स्वतःच्या नुकसानीचा दावा मात्र त्याने कधी कुणापुढे मांडला नव्हता. गेल्या हंगामात सासऱ्याची मॅग्नम बंदूक उडवताना वरची दुर्बीण मागे आली आणि तिची कडा भुवईवर आदळली. अर्धचंद्राएवढी खोक पडली, टाके घालावे लागले. ऑफिसात त्याने कपाटाचं दार लागल्याचं सांगितलं आणि ऑफिसने ते मुकाट्याने मान्य केलं, कारण अर्ध्या ऑफिसच्या भुवयांवर तसलीच कपाटं आदळलेली होती.

ती मॅग्नम होती त्याचा सासरा एल्वुड होस्टेटर याची. तरुणपणी एल्वुड एकदा पश्चिमेकडे, घोड्याएवढ्या थोराड हरणांच्या शिकारीला गेला होता. दरीच्या या कड्यावरून त्या कड्यावरचा प्राणी लोळवायला जेवढी दारू लागते तेवढी या बंदुकीच्या काडतुसात ठासलेली असे. थोराड हरीण काही दिसलं नाही. बंदूक मात्र घरी आली आणि तेव्हापासून आमच्या रानातल्या शेळीएवढ्या हरणांवर तिचा प्रयोग सुरू झाला. आमचं रान इतकं दाट की हरीण दिसतं तेव्हा ते गल्लीच्या पलीकडच्या घराइतकंच लांब असतं. त्यावर मॅग्नम झाडली की हरीण पडतं हे खरं, पण पुढच्या दोन्ही फऱ्यांचा चेंदामेंदा होतो आणि उरलेल्या मांसाच्या सॉसेजमध्ये हाडाच्या किरच्या निघतात. ख्रिसमसच्या जेवणात कुणाच्या तरी दाढेचा तुकडा पडणं, हा होस्टेटर घराण्यातला नेहमीचा कार्यक्रम होता.

ऑगस्टमध्ये अंगणात मक्याची कणसं भाजली जात असताना एल्वुडने काटा बशीवर वाजवला.

"वॉरन," तो म्हणाला, "यंदा कॅम्पवर माझी मॅग्नम तुला द्यायची ठरवलीय मी. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी. सगळ्यांसमोर."

"याला?" वॉरनचा मेव्हणा डेल कणीस खाता खाता थांबला. "पॉप, याला ती पेलते तरी का? भुवई बघा त्याची."

"पेलेल. बंदूक माणसाला घडवते. मलाही तिनंच घडवलं."

सासूबाईंनी रुमालाने डोळे टिपले. वॉरनची बायको रोंडा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. वॉरन उभा राहिला आणि म्हणाला, "पॉप, मला शब्द सुचत नाहीत." हे पूर्ण खरं नव्हतं. शब्द बरेच सुचत होते, पण त्यांतला एकही सासूबाईंसमोर उच्चारण्यासारखा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, सरळ नाही म्हणायचं. पण असं नाही म्हणायला माणूस अविवाहित तरी असावा लागतो, नाहीतर दुसऱ्या गावचा. आमच्याकडे सासऱ्याने स्वतःची बंदूक देणं म्हणजे पोटच्या पोराला बाजूला सारून जावयाला पाटावर बसवणं. ती घेतली की जन्मभर तीच वापरायची. आणि एल्वुड दरवर्षी रानात बसून तिचा आवाज कधी येतो म्हणून कान देणार.

शिवाय कॅम्पचा प्रश्न होता. कॅम्प म्हणजे डोंगरात बांधलेली एक लाकडी खोली, त्यात एक शेगडी, भिंतीला ठोकलेल्या खाटा आणि वर्षभर मनात साठवून ठेवावा असा वास. शेगडीजवळची वरची खाट वॉरनची होती. खरं सांगायचं तर शिकारीपेक्षा त्याला कॅम्पच आवडे. पत्ते, राजम्याचं सूप, बिटाच्या रसात मुरवलेली अंडी, आणि पहाटे रानात एकटं बसलं असताना हळूहळू उजाडत जाणं. तिथे कुणी त्याच्याकडे दावा घेऊन येत नसे. फक्त नेम चुकला की शर्टाचा मागचा सोगा कापून नावासकट भिंतीला ठोकायचा, असा तिथला नियम होता, आणि भिंतीवर वॉरनच्या शर्टांची संख्या लक्षात येण्याजोगी होती. स्वतःची बंदूक नसल्यामुळे तो दरवर्षी आळीपाळीने सासऱ्याचीच मॅग्नम उडवी, आणि नेम का चुकतो हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. घोडा दाबायच्या आधी त्याचे डोळे आपोआप मिटत. नाही म्हणावं तर एल्वुड दुखावणार आणि खाट जाणार; डेलचा एक दोस्त तिच्यावर डोळा ठेवूनच होता. हो म्हणावं तर खांदा जाणार. खाट आणि खांदा, दोन्ही वाचवायचे होते.

तोड सापडली ती दाताच्या डॉक्टरकडे, बाकावर वाट बघत असताना चाळलेल्या मासिकात. 'सात हेमलॉक' नावाचं नवं काडतूस बाजारात आलं होतं. मॅग्नम नव्हे, मुद्दाम मॅग्नम नव्हे. दारू कमी, कवच आखूड, पण गोळी लांब, सडपातळ, वाऱ्याला न जुमानणारी. त्यामुळे जोरात सुटलेली बोजड गोळी जिथे वाटेत दमते, तिथे ही आपला वेग राखून असते. लाथ निम्मी, आवाज कमी, बंदूक हलकी, नळी लवकर झिजत नाही, आणि रानातल्या अंतरावर हरणाला दोन्हींतला फरक कळत नाही. जहालांच्या बाजारात हे एक मवाळ काडतूस होतं. वॉरनने लेख पुन्हा वाचला आणि आत जबड्यात सुई टोचली जात असतानाही त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. बेत साधा होता. स्वतःची बंदूक घेऊनच कॅम्पवर जायचं. मॅग्नम मानाने स्वीकारायची, दिवाणखान्यात भिंतीवर लावायची, आणि म्हणायचं, "पॉप, ती पूजेची. शिकारीची ही."

ही गोष्ट त्याने विश्वासाने फक्त शेजारच्या कोवाल्चिकला सांगितली. विश्वासाने एका माणसाला सांगायचं तर तो निदान पोस्टातून निवृत्त झालेला नसावा, एवढं तारतम्य विम्यातल्या माणसाला असायला हवं होतं. कोवाल्चिक पानं गोळा करत होता. तो खराटा टेकून उभा राहिला.

"हेमलॉक? अरे, तो तर विषाचा पाला. ग्रीसमध्ये कुणाला तरी पाजला होता."

"ते वेगळं. हे आपल्या राज्याच्या झाडावरून ठेवलंय नाव."

"नाव कशाला हवंय काडतुसाला? माझ्या आजोबांनी थर्टी-ऑट-सिक्स वापरलं, बापानं तेच वापरलं, मीही तेच वापरतो. त्याला कुणी नाव ठेवलं नाही."

"मी कुठं ठेवतोय? पण याची लाथ कमी आहे, लेन. गोळी सडपातळ असल्यामुळे..."

"लाथ?" कोवाल्चिकने भुवया उंचावल्या. "लाथ कसली? मला तर कधी जाणवली नाही." असं म्हणून त्याने खराटा उजव्या हातातून डाव्यात घेतला. "बाकी तुझी मर्जी. पण नव्या काडतुसाचं कसं असतं सांगू? लग्नात आलेल्या पाहुण्यासारखं. पहिल्या दिवशी सगळे विचारतात, पुढच्या वर्षी कुणाला नाव आठवत नाही."

गावातलं बंदुकांचं दुकान डार्लाचं. तिच्याकडे अशी एक बंदूक होती. आमच्याकडे बंदूक घ्यायची तर आधी वर सरकारात विचारावं लागतं की हा गृहस्थ सज्जन आहे ना. नाव-गाव कळवलं की बहुतेकांना उत्तर लगेच येतं. वॉरनच्या बाबतीत उत्तर आलं: थांबा.

"थांबा म्हणजे?" वॉरनने विचारलं.

"म्हणजे थांब," डार्ला म्हणाली. "नाही म्हणालेले नाहीत. हो पण म्हणालेले नाहीत. तुझ्या नावाचा कुणीतरी दुसरीकडे काहीतरी करून बसला असेल."

"मला आयुष्यात चुकीच्या जागी गाडी लावल्याची पावतीसुद्धा फाटलेली नाही."

"मग काय घाबरायचंय?" असं ती म्हणाली खरी, पण दुकानात तेव्हा आमचे पाद्री शिकाऱ्यांची नारिंगी टोपी घालून आरशात बघत होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि वॉरनकडे फार प्रेमाने बघितलं. इतक्या प्रेमाने ते एरवी फक्त तुरुंगातल्या भेटीला गेले की बघतात.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये वॉरनच्या आसपासची जागा जरा ऐसपैस झाली. ऑफिसात साहेबाने खोलीत बोलावून सांगितलं, "वॉरन, काही मन मोकळं करायचं असेल तर माझं दार उघडं आहे," आणि तो बाहेर पडताच दार लावून घेतलं. ज्या माणसाने जन्मभर इतरांच्या खरेपणाची परीक्षा घेतली त्याच्याच खरेपणाची परीक्षा गावाने घ्यावी, हे त्याला फार लागलं. जेवण जाईना. अखेर वरून हो आलं, तेव्हा त्याने ते डार्लाकडून दुकानात मोठ्याने म्हणवून घेतलं. दुर्दैवाने त्या वेळी दुकानात कुणीच नव्हतं.

बंदूक घरी आली. सुरेख होती, हलकी होती, खांद्याला लावली की आपलीशी वाटे. फक्त तिच्यात घालायला काडतूस नव्हतं. डार्लाकडे बंदूक एकच आली होती, काडतुसांची खोकी वाटेत होती, आणि ती वाटेतच राहिली. नव्या काडतुसाचा हाच एक दोष मासिकात लिहिलेला नव्हता. त्याचे गुण सगळीकडे मिळतात, ते स्वतः कुठेच मिळत नाही. वॉरनने दाव्यांच्या तपासणीला म्हणून जिल्हाभर गाडी हाणली आणि जिथे जिथे पडलेलं छप्पर तपासलं तिथे तिथे जवळच्या दुकानात विचारलं. सगळीकडे थर्टी-ऑट-सिक्सच्या थप्प्या. कोवाल्चिक रोज कुंपणापाशी हजर असे. "मिळालं? नाही? माझ्याकडची थोडी देऊ? अरे हो, तुझ्यात बसत नाहीत, नाही का."

शेवटी नदीपलीकडे, गळाला लावायची गांडुळं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात ती असल्याची बातमी लागली. मात्र एका कुटुंबाला एकच खोकं. नेम बसवण्यातच एक खोकं संपतं, म्हणून वॉरन रोंडाला घेऊन गेला. आत शिरताच म्हाताऱ्याने विचारलं, "तुम्ही दोघं बरोबर का?"

आता विमा तपासणाऱ्या माणसाने प्रश्न विचारावेत, उत्तरं देऊ नयेत. वॉरन गडबडला आणि म्हणाला, "नाही नाही. ही बाई कोण, मला माहीत नाही."

रोंडाने नवऱ्याकडे नीट बघितलं. मग काउंटरवर पर्स ठेवली. "मलाही सात हेमलॉकचं एक खोकं द्या," ती म्हणाली.

"नाव काय ताई तुमचं?"

"रोंडा होस्टेटर," तिने माहेरचं नाव ठणकावून सांगितलं.

"होस्टेटर? एल्वुडची लेक की काय?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "अहो, आम्ही एका शाळेतले. शिकारीला लागलात? वा, वा. अगदी योग्य काडतूस निवडलंत. बाईमाणसाच्या खांद्याला हेच बरं."

परतीच्या वाटेवर रोंडाने दोन्ही खोकी आपल्या मांडीवर घेतली.

"मी कोण, ते तुला माहीत नाही ना?" रोंडा म्हणाली.

"अगं, एक खोकं जास्त मिळावं म्हणून..."

"तुझ्या लाडक्या काडतुसापायी मला ओळख दाखवली नाहीस. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि गांडुळांच्या दुकानात घटस्फोट दिलास मला."

ते घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. गांडुळवाल्याने एल्वुडला अभिनंदनाचा फोन केला होता आणि एल्वुडने मुलीच्या घरी. त्याचा आवाज भरून आला होता. आपली रोंडा, जिने लहानपणी हरणांची बाजू घेऊन जेवण सोडलं होतं, ती शिकारीला लागली. वॉरनने डार्लाकडे बंदूक कुणासाठी घेतली, हे त्याला आता उमगलं होतं. आणि पोरीने किती शहाणपणाने ती निवडली. "नाजूक माणसाला हेच काडतूस," तो म्हणाला. "शनिवारी क्लबवर नेम बसवायला या. मला बघायचंय. आणि वॉरनला सांग, मॅग्नमही आणतोय मी. त्याचाही हात बसू दे."

वॉरन जिन्याच्या पायरीवर बसला. जी बंदूक आपली म्हणून मिरवायची होती ती आता बायकोची झाली होती, आणि ती आपली म्हणणं म्हणजे आपण नाजूक माणूस असल्याचं साऱ्या जिल्ह्याला सांगणं होतं.

"पॉपला खरं सांगते मी," रोंडा जरा निवळून म्हणाली.

"नको. सांगितलंस तर खाट गेली."

"आणि नाही सांगितलं तर?"

"खांदा."

रोंडाने त्याच्या भुवईवरच्या अर्धचंद्रावरून बोट फिरवलं. ती चिडली होती तरी तिला त्याची कीव आली. "बघू शनिवारी," ती म्हणाली.

हंगामाआधीच्या शनिवारी आमच्या क्लबवर सारं गाव लोटतं. लांब टेबलं, वाळूच्या पिशव्या, समोर मातीच्या बांधावर कागदी निशाणं, एका बाजूला कॉफी आणि डोनट. लोक दुर्बिणी नीट बसवतात आणि एकमेकांच्या बंदुकांना नावं ठेवतात. त्या दिवशी कोवाल्चिकही आला होता, काही काम नसताना.

रोंडा टेबलाशी बसली. एल्वुडने स्वतः तिच्या कानांवर संरक्षक टोप्या चढवल्या. लहानपणी बापाबरोबर डबे उडवलेले असल्यामुळे तिला बंदूक परकी नव्हती. तिने सावकाश श्वास सोडला, घोडा दाबला. मग आणखी एकदा, मग आणखी एकदा. बंदुकीने तिला नुसतं ढकललं, जसं गर्दीत कुणी माफी मागून पुढे जावं. निशाणावरची भोकं इतकी जवळजवळ होती की त्यांच्यावर एक बटण ठेवलं असतं तर झाकली गेली असती.

"पोरीनं तर कमालच केली," एल्वुड म्हणाला. मग त्याने मॅग्नमची लांब खोळ उघडली. "चला, जावईबापू. आता मोठ्या माणसांचं बघू."

"मी भरून देतो," डेल पुढे झाला. वॉरनच्या पाठीमागे उभं राहून त्याने बंदुकीत काडतूस सरकवलं आणि बोल्ट लावून ती त्याच्या हाती दिली. वॉरनने नेम धरला. त्याला खांदा आठवला, भुवई आठवली, आणि त्याने घोडा दाबला.

टक्, एवढाच आवाज झाला. बंदूक उडालीच नाही. पण वॉरनचे डोळे गच्च मिटले होते, खांदा मागे गेला होता आणि नळीने जमिनीकडे अशी बुडी मारली की समोरच्या निशाणावरची चिमणी निर्धास्त बसून राहिली. डेलने आत वापरलेलं, रिकामं काडतूस घातलं होतं. आमच्याकडे दचकणारा माणूस पकडायची ही पद्धतच आहे. बंदूक खरी उडाली की तिच्या लाथेत माणसाचं दचकणं झाकून जातं. ती उडाली नाही, तर नळी सगळं खरं सांगून टाकते.

हशा असा उसळला की कुणाच्या तरी हातातली कॉफी सांडली. "म्हणून शर्ट संपतात होय भाऊजींचे," डेल म्हणाला. पाद्रीदेखील हसले आणि मग वाईट वाटून खोकले. वॉरन टेबलाशी तसाच बसून राहिला. त्याचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांची झाकली मूठ साऱ्या गावासमोर उघडली होती, आणि तीही डेलच्या हातून.

एकटा एल्वुड हसला नव्हता.

"पॉप," रोंडा म्हणाली, "आता तुम्ही दाखवा. भरून मी देते."

"मला काय दाखवायचंय? सगळ्यांना ठाऊक आहे."

"म्हणूनच तर. याला जरा शिकवा."

एवढ्या लोकांसमोर एल्वुडला मागे हटता येईना. तो बसला, पाय रोवले, जबडा आवळला. रोंडाने पाठीमागून बंदूक भरून दिली. एल्वुडने घोडा दाबला.

टक्.

नळी वॉरनपेक्षा खाली गेली. नुसती नळी नाही, एल्वुडही गेला. तो टेबलावर असा आदळला की वाळूची पिशवी पलीकडे पडली आणि टोपी तिच्यामागे गेली. डोळे मिटलेलेच होते. ते उघडायला त्याने जरा वेळ घेतला, बहुधा उघडल्यावर काय दिसणार हे त्याला माहीत होतं.

कुणी हसलं नाही. आमच्या गावात एल्वुड होस्टेटरला कुणी हसत नाही, आणि तिथे जमलेल्या प्रत्येकाला पुढचं रिकामं काडतूस आपल्या बंदुकीत पडेल अशी धास्ती पडली होती. कोवाल्चिक तर आपली थर्टी-ऑट-सिक्स घेऊन हळूच गाडीकडे निघालासुद्धा.

वॉरनने पिशवी उचलून जागेवर ठेवली आणि टोपी झटकून सासऱ्याला दिली. मनात आलं असतं तर त्या क्षणी तो बरंच काही बोलू शकला असता. त्याऐवजी तो म्हणाला, "पॉप, ती हलकीवाली बंदूक माझी आहे. रोंडाची नाही. मीच घेतली. ती लाथ मारत नाही."

एल्वुडने त्याच्याकडे बघितलं, मग मुलीकडे. "आण इकडे," तो म्हणाला.

त्याने सात हेमलॉकची बंदूक हातात तोलली, टेबलावर टेकवली, नेम धरला. या वेळी काडतूस खरं होतं. बंदूक उडाली, थोडी मागे आली आणि थांबली. एल्वुड पुढच्या धक्क्याची वाट बघत राहिला. धक्का आलाच नाही. मग त्याने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. घट्ट बूट काढल्यावर माणूस पलंगाच्या कडेला बसतो ना, तसा तो दिसत होता.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच," वॉरन म्हणाला.

"आणि हरीण पडतं?"

"पडतं. आणि फरे खाता येतात."

एल्वुडने आणखी एक काडतूस मागितलं. मग आणखी एक. डार्लाकडची खोकी अजून वाटेतच होती, हे वॉरनला ठाऊक होतं, पण त्याने एका शब्दाने अडवलं नाही.

कॅम्पवर रोंडा आली नाही. घोरणाऱ्या पुरुषांत झोपायची तिला हौस नव्हती आणि हरणांची बाजूही तिने अजून सोडलेली नव्हती. उरलेली काडतुसं कमी आणि बंदूक एकच, म्हणून सासरा-जावयाने एकाच झाडाखाली आळीपाळीने बसायचं ठरवलं.

हंगामाच्या आदल्या संध्याकाळी सूप संपल्यावर एल्वुड उभा राहिला. दोन्ही तळव्यांवर मॅग्नम आडवी धरलेली होती. वॉरन उगाचच शेगडीच्या आड सरकला.

"ही बंदूक घराण्यात राहायला पाहिजे," एल्वुड म्हणाला. "आणि घराण्यात तिला पेलणारा एकच माणूस आहे. त्या दिवशी क्लबवर जो सगळ्यात मोठ्यानं हसला, तो. डेल, पुढं ये."

डेल अंडं गिळता गिळता थांबला. त्याचा चेहरा त्या अंड्यासारखा बिटाच्या रंगाचा झाला आणि लगेच उतरला. पण सगळे बघत होते. तो उठला, बंदूक घेतली, बापाला मिठी मारली. "थँक यू, पॉप," तो म्हणाला, आणि नकळत त्याचा हात उजव्या खांद्याकडे गेला. वॉरनने टाळ्या वाजवल्या. इतक्या मनापासून त्याने स्वतःच्या लग्नातही वाजवल्या नसत्या.

जेवणं आटोपल्यावर दोघं भांडी घासायला उभे राहिले. एल्वुड घासत होता, वॉरन पुसत होता.

"तू कधी बोलला का नाहीस रे?" एल्वुडने मान न वळवता विचारलं.

"तुम्ही कुठं बोललात?"

"मी कसा बोलणार? तुझ्या भुवईला टाके पडले तेव्हा मला वाटलं, आता हा नाही म्हणणार. म्हटलं, जावई नाही म्हणाला की मलाही सोडता येईल. तर तू हट्टानं दुसऱ्या दिवशी परत तीच धरून हजर. मग मला थांबता येईना." त्याने ताटली खळखळून धुतली. "शेवटी म्हटलं, देऊनच टाकू हिला. मानानं सुटका होईल."

"म्हणजे ते बक्षीस..."

"बक्षीस कसलं. पळवाट होती. तुला ती आवडते असं वाटत होतं मला."

वॉरनला हसू आवरेना. एल्वुडही हसला, आणि हसताना त्याने खांदा चोळला, पहिल्यांदाच, कुणी बघतंय याची पर्वा न करता. इतकी वर्षं दोघं एकमेकांच्या धाकाने तीच लाथ खात होते. वॉरनला एकदम इतकं मोकळं वाटलं की त्याने ती ताटली पुन्हा पुसली. शेगडीजवळची वरची खाट अंथरून तयार होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला डेल मॅग्नम मांडीवर घेऊन, सुरुंगाजवळ बसावं तसा बसला होता.

एल्वुडने मुलाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बिचाऱ्याला सांगायचं का रे? की नको असेल तर नाही म्हण म्हणून?"

वॉरनने थोडा विचार केला. त्याला डेलची खरंच दया आली होती.

"सांगू की पॉप," तो म्हणाला. "हंगाम संपल्यावर."